बडोद्याला गेलात तर कमाटीबागेला अख्खा दिवस द्या

दांडियाबाजार

बडोद्याला येणाऱ्या आमच्या नातेवाइकांचा बेत ठरलेला असतो. सकाळी लक्ष्मीविलास पॅलेस, मग सूरसागर, दुपारी झणझणीत सेवउसळ, आणि गाडीला तासभर उरला तर "चला, स्टेशन जवळच आहे, कमाटीबागेत एक चक्कर मारून येऊ". मुलांना आगगाडीत बसवायचं, फुलांच्या घड्याळापुढे फोटो काढायचा की झालं. हे मला वर्षानुवर्षं खटकतंय, म्हणून हा धागा.

माझा जन्म दांडिया बाजारातला. लग्न होऊन ठाण्याला आले त्याला एकवीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात माहेरी गेले तेव्हा लेकीला घेऊन सकाळी साडेनऊला बागेत शिरले ते संध्याकाळी सहाला बाहेर पडले. तरी निम्मं राहिलं.

पाटीवर नाव सयाजीबाग. पण रिक्षावाल्याला कमाटीबागच सांगा, बडोद्यात सगळे तेच म्हणतात. विश्वामित्री नदीच्या काठी शंभराहून जास्त एकर जागा आहे. बाग लोकांसाठी खुली झाली १८७९ मध्ये. समोरच्या चौकात घोड्यावर बसलेले सयाजीराव महाराज आहेत, तो आमचा काळा घोडा. मुंबईचा वेगळा. फ्रान्सिस डरवेंट वुड या इंग्रज शिल्पकाराचं ते काम. आम्ही लहानपणापासून "काळ्या घोड्यापाशी भेटू" म्हणत आलो, पण मान वर करून तो पुतळा नीट पाहिला मी या वेळी. घोडा शांत उभा आहे आणि वरचा माणूसही शांत आहे. तलवार उपसलेली नाही, युद्धाचा आव नाही.

आत गेल्यावर आधी संग्रहालय पाहा. दुपारी मुलं दमतात, आणि मग ममी पाहून झाली की "आता पुरे" म्हणतात. हो, इजिप्तची खरीखुरी ममी आहे इथे. निळ्या देवमाशाचा सांगाडाही आहे. माझ्या लेकीने त्याच्या बाजूने पावलं मोजत एक फेरी मारली आणि मग बराच वेळ बोललीच नाही. मीही तिच्या वयाची असताना तिथेच थबकले होते. सांगाडा आहे तसाच आहे, मीच बदलले.

पण माझं मन अडकलं ते अकोट्याच्या कांस्यमूर्तींपाशी. त्यावर कुणी जाणकाराने लिहावं म्हणून इथेच थांबते. दुपारी डबा खाल्ला तो बँडस्टँडजवळच्या सावलीत. लेकीने विचारलं, "आई, राजाने एवढी मोठी बाग लोकांना का दिली?" मी काहीतरी उत्तर दिलं, पण ते माझं मलाच पटलं नाही. तुम्ही काय सांगितलं असतं?

पारिजात७१

ताई, फार छान लिहिलंय. वाचता वाचता कमाटीबागेतला ओल्या मातीचा वास आला. आमच्या लहानपणी रविवार म्हणजे बाग, हे समीकरण होतं. बाबा आम्हा तिघा भावंडांना सायकलवरून दोन फेऱ्यांत नेत. आधी मी आणि धाकटी, मग परत जाऊन दादा आणि डबा.

तंजावरी

दांडियाबाजार ताई, एक भर घालतो. १८७९ मध्ये सयाजीराव जेमतेम सोळा वर्षांचे होते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ, १८७५ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसलेला. राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार त्यांना मिळाले १८८१ च्या डिसेंबरात. तोवर कारभार दिवाण सर टी. माधवराव यांच्या हाती होता. हे माधवराव तंजावरच्या मराठी घराण्यातले, त्यामुळे आम्हा तंजावरी मराठी मंडळींना त्यांचा विशेष अभिमान.

म्हणजे बाग झाली तेव्हा राजा स्वतःच शिकत होता. अक्षरओळखीपासून सुरुवात करून तो मुलगा इंग्रजी, गणित, इतिहास शिकत होता. पुढे त्याच राजाने या बागेत संग्रहालय उभं केलं, १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली, १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, गावोगाव वाचनालयं काढली. तुमच्या लेकीला मी हे सांगितलं असतं: जो राजा स्वतः उशिरा शिकला, त्याला शिकायला न मिळणं म्हणजे काय हे ठाऊक होतं.

पंचगंगातीर

संग्रहालयाची इमारत मेजर चार्ल्स मँट आणि रॉबर्ट चिझम यांची ना? मँट म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या नवीन राजवाड्याचेच वास्तुरचनाकार. बडोद्याला पहिल्यांदा गेलो तेव्हा लक्ष्मीविलास पाहून वाटलं, हे वळण ओळखीचं आहे. तिथे काम सुरू असतानाच १८८१ मध्ये मँट गेले आणि राजवाडा चिझम यांनी पुरा केला.

बाकी या धाग्यात कुणी राजा रविवर्म्याची चित्रं कमाटीबागेत आहेत असं लिहिण्याआधीच सांगतो, ती पाहायला मी बागेतल्या चित्रदालनात दोन तास फिरलो. रविवर्म्याचा मोठा संग्रह राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात आहे. तिथे वेगळं जावं लागतं, आणि ते सोमवारी बंद असतं.

रेघोट्या

मी १९९० च्या दशकात फाइन आर्ट्सला होते. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखा १९५० मध्ये सुरू झाली, आणि बाग तिथून पायी जाण्यासारखी. नारायण श्रीधर बेंद्रे आणि शंखो चौधुरी सुरुवातीपासून शिकवायला होते, नंतर के. जी. सुब्रमण्यन. आमच्या वेळी पहिल्या वर्षाच्या मुलांना स्केचबुक घेऊन बाहेर पिटाळत. स्टेशन, मांडवीचा बाजार आणि कमाटीबाग. माकडाच्या पिंजऱ्यापुढे उभं राहून हलत्या जनावराची रेघ पकडायची. शंभर स्केचेस झाल्याशिवाय सर वही बघत नसत. बाकांवर झोपलेली माणसं, शेंगदाणे विकणारा, झोपाळ्यावरच्या मुली, सगळे आमचे फुकटचे मॉडेल. एक माळीकाका तर आम्हाला बघून खुरपं हातात धरून मुद्दाम स्थिर बसायचे आणि नंतर वही मागून बघायचे. "मोठं नाक काढलंस बेन," असं एकदा म्हणाले. खरंच मोठं काढलं होतं.

आता अकोट्याबद्दल, ताईंनी विचारलंय म्हणून.

अकोटा आज बडोद्याचंच उपनगर आहे, नदीच्या पश्चिमेला. जुनं नाव अंकोट्टक. १९५१ च्या सुमारास तिथे ६८ जैन कांस्यमूर्ती सापडल्या आणि उमाकांत प्रेमानंद शाह यांनी त्यांचा अभ्यास करून त्या जगापुढे आणल्या. काळ साधारण पाचव्या ते अकराव्या शतकाचा. म्हणजे पाचएकशे वर्षं एकाच गावात कुणी ना कुणी मूर्ती ओतून घेत होतं, देवळाला देत होतं. काहींच्या पाठीवर देणाऱ्यांची नावं आहेत.

तिथे तीन मूर्तींपुढे थांबा. पहिली ऋषभनाथांची. अर्धमिटल्या डोळ्यांत चांदी बसवली आहे. मागून उजेड येऊ देऊ नका, थोडं बाजूला सरकून बघा, म्हणजे नजर जिवंत होते. दुसरी जीवंतस्वामींची. हे महावीर, पण संन्यास घेण्याआधीचे. राजपुत्राचा मुकुट आणि दागिने अंगावर, आणि उभे आहेत मात्र ध्यानात. सगळं अंगावर असताना आतून सोडलेलं. आमच्या सरांनी या मूर्तीपुढे आम्हाला एक अख्खा तास बसवलं होतं आणि एक शब्दही बोलले नव्हते. तिसरी चामरधारिणी, म्हणजे चवरी ढाळणारी स्त्री, आठव्या शतकातली. कमरेत किंचित वळलेली, एक पाय सैल. ती कुणाच्या तरी सेवेला उभी आहे, पण तिच्या उभं राहण्यात लाचारी नाही. मी तिची किमान चाळीस चित्रं काढली असतील. ते वळण मला एकदाही जमलं नाही आणि अजून त्याच्यामागे आहे.

चित्रदालनाचं वेगळं. ती इमारत १९१४ मध्ये तयार झाली, पण महायुद्धामुळे चित्रं युरोपातच अडकली आणि दालन उघडायला १९२१ उजाडलं. चित्रं निवडून घेण्याचं काम स्पीलमन या इंग्रज कलासमीक्षकाकडे होतं. पुढे हर्मन गोट्झ या जर्मन कलाइतिहासकाराने संग्रहालय सांभाळलं. नाझी राजवटीपायी देश सोडलेला माणूस बडोद्यात येऊन आपल्या मूर्ती आणि चित्रांची नीट मांडणी करतो, याचं मला कायम अप्रूप वाटतं.

सोनचाफा_नाशिक

सगळ्यांना नमस्कार. पुढच्या आठवड्यात एका लग्नासाठी बडोद्याला जाते आहे. बरोबर आई, वय ७६, आणि मुलगा, वय ११. आईचे गुडघे दुखतात. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा ते दुपारी तीन एवढाच वेळ आहे. काय करू? मुलाला चित्रकलेची आवड आहे.

दांडियाबाजार

सोनचाफा, पाच तास म्हणजे भरपूर. पहिले दोन संग्रहालयाला द्या. निघण्यापूर्वी सुट्टीचा दिवस तेवढा तपासा, ते सरकारी आहे. आईंना सगळ्या दालनांतून फिरवू नका, जिने आहेत. खालचं पाहून त्यांना बागेतल्या बाकावर बसवा. झाडं एवढी जुनी आणि दाट आहेत की ऊन लागत नाही. मुलाच्या हातात वही-पेन्सिल असू द्या.

मगरपहारा

लहान मुलगा बरोबर आहे म्हणून आवर्जून लिहितो: नदीच्या काठावर खाली उतरू देऊ नका. विश्वामित्रीत मगरी आहेत. एकदोन नव्हे, शेकड्यांनी, आणि भर शहरात. पावागडाच्या डोंगरात उगम पावलेली ही लहानशी नदी बडोद्यातून वळणं घेत जाते, आणि काठाच्या कपारींत, झुडपांत मगरी बिळं करून राहतात. थंडीच्या दिवसांत सकाळी पुलावरून बघा, चिखलावर ऊन खात पडलेल्या दिसतील. जगात एवढ्या मोठ्या वस्तीच्या मधोमध मगरींनी असं घर टिकवलेलं फारसं दिसत नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा अर्धं शहर पाण्यात होतं आणि मगरी सोसायट्यांच्या आवारांत शिरल्या. आमचे स्वयंसेवक रात्र-रात्र जागून त्यांना पकडून वनखात्याच्या ताब्यात देत होते. लोक घाबरले होते, पण मगरींना मारा असं म्हणणारे फार थोडे निघाले. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि बडोदेकर म्हणून मला त्याचा अभिमान आहे. आता नदीचं पाणी किती घाण झालंय, ते मात्र पाहवत नाही. बागेचा इतिहास सांगताना नदीला वगळू नका. बडोद्याचं नाव वडांवरून, वडपद्रक. ८१२ सालच्या राष्ट्रकूट ताम्रपटात ते अंकोट्टकाच्या जवळचं एक साधं गाव म्हणून येतं. एका काठाला मूर्ती ओतणारं अंकोट्टक, दुसऱ्या काठाला वडांमधलं खेडं. पुढे मोठं झालं ते खेडं.

निळीपाखरं

इतकं सगळं लिहिलंत आणि अजून एकानेही त्या वडाचं नाव काढलेलं नाही, म्हणून लिहितो. मी दरवर्षी २३ सप्टेंबरला कमाटीबागेत जातो. त्या वडाच्या जागेला आम्ही संकल्पभूमी म्हणतो, कारण तिथेच बाबासाहेबांनी जातिभेद संपवण्याचा संकल्प केला असं आम्ही मानतो.

१९१३ मध्ये सयाजीरावांनी तरुण भीमराव आंबेडकरांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. अट एवढीच की परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची. ती अट पाळायला १९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्याला आले. एवढा शिकलेला माणूस, आणि त्याला शहरात राहायला खोली मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले, दिवसाला दीड रुपया देऊन. अकराव्या दिवशी डझनभर माणसं हातात काठ्या घेऊन जिन्यात उभी. संध्याकाळपर्यंत जागा सोड, असं सांगून गेली. दोन मित्रांकडे विचारून पाहिलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही काही ना काही कारण सांगून टाळलं. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले पाच तास कुठे काढायचे? तेव्हा ते कमाटीबागेत येऊन बसले. आठ वाजेपर्यंत. त्या वेळी आई-वडिलांची आठवण येत होती, असं त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय. आई लहानपणीच गेलेली, वडील १९१३ मध्ये गेलेले.

आमच्या घरात ही गोष्ट आजीने सांगितली, तिला तिच्या वडिलांनी. २०१७ मध्ये शंभर वर्षं झाली तेव्हा मी नागपूरहून रेल्वेने आलो होतो. गर्दीत उभा होतो आणि एकच विचार मनात होता: सव्वीस वर्षांचा मुलगा, शेजारी सामानसुद्धा नाही, ते धर्मशाळेतच राहिलेलं. माझा धाकटा भाऊ तेव्हा सव्वीसचाच होता.

ताई, तुमच्या लेकीच्या प्रश्नाचं उत्तर देताना हे वगळू नका एवढंच म्हणणं.

दांडियाबाजार

निळीपाखरं, तुमची पोस्ट रात्री वाचली आणि उत्तर लिहायला सकाळ झाली. तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. मी त्या बागेत लहानाची मोठी झाले. फुलांचं घड्याळ किती फुटांचं, देवमासा किती लांब, हे आम्हाला पाठ होतं. पण आमच्या घरात, शाळेत, सहलीला नेणाऱ्या बाईंनी, कुणीही हे सांगितलं नव्हतं. मला ते ठाण्यात आल्यावर, तिशीत कळलं. आणि तरीही मूळ लेखात मी ते लिहिलं नाही, कारण माझ्या "छान दिवसा"च्या आठवणीत ती जागा नव्हती. ती असायला हवी होती. काल लेकीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग राजाने त्यांना राजवाड्यात का नाही ठेवून घेतलं?"

तंजावरी

लेकीचा प्रश्न योग्य आहे. महाराजांचं मोठेपण मानणाऱ्यांनीही तो टाळू नये. सयाजीरावांनी अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या, वसतिगृहं काढली, शिष्यवृत्ती दिली, हे खरं. त्यांच्या राजधानीत त्याच शिष्यवृत्तीचा विद्यार्थी छपराविना राहिला, हेही खरं. फर्मान कचेरीपर्यंत पोचतं, घरमालकाच्या उंबऱ्यापर्यंत पोचत नाही.

काठावरची

पण त्यासाठी महाराजांना दोष देणं मला पटत नाही. त्या काळात दुसऱ्या कुठल्या राजाने एवढं केलं, सांगा.

निळीपाखरं

दोष कुणी दिलाय, ताई? बाबासाहेबांनी सयाजीरावांचं ऋण कधी नाकारलं नाही, आम्हीही नाकारत नाही. आमच्या कार्यक्रमात महाराजांची तसबीर असते. मी एवढंच म्हणतोय की बागेत जाणाऱ्याला दोन्ही गोष्टी एकाच फेरीत कळाव्यात. काळा घोडा आणि वड, अंतर फार नाही.

रेघोट्या

निळीपाखरं, मी पाच वर्षं त्या बागेत स्केचेस केली आणि मलाही माहीत नव्हतं. पुढच्या वेळी येईन तेव्हा त्या झाडाखाली बसून काढीन.

सोनचाफा, वेळ उरलाच तर नदीच्या पुलाजवळचं कीर्तिमंदिरही पाहा. गायकवाड घराण्याचं स्मारक. आत नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत: गंगावतरण, महाभारताचं युद्ध, मीराबाईचं आयुष्य आणि रवींद्रनाथांचं नाटक नटीर पूजा. शांतिनिकेतनहून १९३९ पासून पुढची काही वर्षं ते येत राहिले आणि एकेक भिंत पुरी केली. मराठी राजघराण्याच्या स्मारकात बंगाली चित्रकाराने रंगवलेली राजस्थानची मीरा. आत जायची परवानगी आधी विचारून घ्या.

पारिजात७१

आणि सेवउसळ खाताना वरची तिखट तर्री बेताने घ्या. आमच्या पुण्याच्या मिसळीच्या हिशेबाने एक पाहुणे घेत गेले आणि दुपारभर पाणी पीत बसले.

सोनचाफा_नाशिक

परत आले, म्हणून लिहिते. सगळ्यांचे मनापासून आभार.

कीर्तिमंदिर राहिलं, चित्रदालनही राहिलं. संग्रहालयात मुलगा चामरधारिणीपुढे वही घेऊन बसला तो उठेना. एक रखवालदार दादा होते, त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं आणि मग स्वतःची खुर्ची आणून त्याला दिली. चित्र त्याला आवडलेलं नाही. कमरेचं वळण चुकलंय म्हणतो. रेघोट्या ताई, तुमची पोस्ट वाचून दाखवली तेव्हा जरा हसला.

आईला जिने नको म्हणून बाकावर बसवायचा बेत होता. रेल्वेत जाताना तिला हा धागा वाचून दाखवला होता. निळीपाखरं यांची पोस्ट ऐकली आणि ती म्हणाली, मला आधी तिथे ने. विचारत विचारत गेलो. रस्ता दाखवणाऱ्या माळीदादांनी तिचे गुडघे पाहून स्वतःचा हात दिला. आई तिथे तीन वाजेपर्यंत बसून होती. फार काही बोलली नाही. एकदा फक्त विचारलं, "पाच तास म्हणजे आपण आलो तेवढाच वेळ ना गं?"

मी म्हटलं, हो, तेवढाच.